मानकाच्या मसुद्यावर टिकणारा अभिप्राय कसा लिहावा: व्यावसायिक संघटनेच्या अभ्यासगटासाठी

प्रकल्प व्यवस्थापनाच्या मानकाचा मसुदा अभिप्रायासाठी खुला झाला की संघटनेच्या शाखांमध्ये उत्साह असतो. बैठक भरते, जोरदार चर्चा होते, पानभर पत्र जाते आणि अंतिम मानकात त्यातला एक शब्दही दिसत नाही. दोष सहसा मतात नसतो, तो मांडणीत असतो. समितीसमोर नोंदींचा ढीग असतो आणि प्रत्येक नोंदीवर तिला निर्णय द्यावा लागतो. ‘हा भाग अपुरा वाटतो’ या वाक्याचे समितीला काहीच करता येत नाही. कोणत्या ओळीतले कोणते शब्द काढून तिथे काय घालायचे हे लिहून दिले, तरच होय किंवा नाही म्हणता येते. अभ्यासगटाचे सगळे काम त्या बदली मजकुरासाठी असते.

पहिली गोष्ट, मसुदा कुठल्या टप्प्यावर आहे ते पाहावे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेत प्रकल्प, प्रोग्रॅम आणि पोर्टफोलिओ व्यवस्थापनाची मानके तांत्रिक समिती २५८ कडे आहेत. तिथे कमिटी ड्राफ्ट म्हणजे समितीतला मसुदा, मग ड्राफ्ट इंटरनॅशनल स्टँडर्ड म्हणजे डीआयएस, आणि शेवटी त्याचा अंतिम मसुदा म्हणजे एफडीआयएस असा क्रम असतो. डीआयएसवरचे मतदान १२ आठवडे चालते आणि तांत्रिक बदलांसाठी व्यवहारात हीच शेवटची संधी असते. एफडीआयएसच्या ८ आठवड्यांत आशयाला हात लावता येत नाही. तिथे मुद्रणदोष दाखवता येतात किंवा राष्ट्रीय संस्थेला तांत्रिक कारण देऊन विरोधी मत टाकता येते. कमिटी ड्राफ्टच्या वेळी रचना अजून लवचीक असते. एखादे प्रकरण हलवायचे असेल किंवा संकल्पनाच बदलायची असेल, तर ती सूचना याच टप्प्यावर पोहोचायला हवी.

दुसरी गोष्ट, अभिप्राय जाणार कुठून? आयएसओला व्यक्ती किंवा शाखा थेट लिहीत नाही. देशाच्या राष्ट्रीय मानक संस्थेत त्या विषयाची जी समिती असते, तिच्यामार्फतच नोंदी जातात. त्यामुळे १२ आठवडे कागदावरच असतात. राष्ट्रीय समितीला सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून देशाची भूमिका ठरवायची असते, म्हणून तिची स्वतःची मुदत बरीच आधी संपते. ती तारीख पहिल्याच दिवशी लेखी विचारून घ्यावी. हाताशी ७ ते ८ आठवडेच आहेत असे धरून आखणी केली तर धावपळ होत नाही. पीएमआय या प्रकल्प व्यवस्थापकांच्या व्यावसायिक संघटनेची पद्धत वेगळी आहे. तिच्या मानकांचा मसुदा ऑनलाइन खुला होतो आणि कोणालाही व्यक्तिशः नोंद करता येते. तिथे मात्र शाखेतल्या २० जणांनी एकच वाक्य २० वेळा चिकटवून काही साधत नाही. नोंद एकदाच करावी, पण नेमकी करावी.

गट ६ ते ८ जणांचा पुरतो. त्याहून मोठ्या गटात वाचन कमी आणि भाषणे जास्त होतात. प्रत्येक प्रकरणाला दोन वाचक द्यावेत: एक त्या कामात रोज असलेला, दुसरा वेगळ्या पद्धतीत तयार झालेला. वेळापत्रकाच्या प्रकरणावर दोन्ही वेळापत्रकवालेच बसवले तर त्यांना खटकणाऱ्या गोष्टीही सारख्याच असतात. संयोजक आणि लेखनिक ही दोन माणसे वेगळी हवीत, कारण चर्चा चालवणाऱ्याला शब्द टिपता येत नाहीत. मसुद्यावर प्रकाशकाचा हक्क असतो, म्हणून त्याच्या प्रती मोबाइलच्या ग्रुपवर फिरवू नयेत. प्रत्येक सदस्याने अधिकृत मार्गाने आपली प्रत घ्यावी.

आठवड्यांची वाटणी साधारण अशी बसते. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी व्याप्तीचे पहिले कलम आणि संज्ञांचे तिसरे कलम वाचायचे. दुसरा ते चौथा आठवडा जोडीजोडीने आपापले प्रकरण. पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात दोन-दोन तासांच्या दोन बैठका, फक्त नोंदींवर. सातव्यात भाषा तपासायची आणि आठव्याच्या सुरुवातीला पाठवून द्यायचे. व्याप्तीचे कलम वगळून थेट आवडत्या प्रकरणावर उडी मारणे ही सर्वांत महागात पडणारी घाई. मानक ज्याबद्दल बोलणारच नाही असे पहिल्या कलमात म्हटले आहे, त्याची उणीव दाखवणाऱ्या नोंदी एका ओळीत बाजूला जातात.

वाचनापूर्वी एक सवय मुद्दाम बाजूला ठेवावी लागते. आपण जे मानक शिकलो त्याचे शब्द दुसऱ्या मानकात शोधायची सवय. आयएसओ २१५०० या प्रकल्प व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत ५ प्रक्रिया-गट आणि ३९ प्रक्रिया होत्या. २०२० मध्ये तिची जागा घेणाऱ्या आयएसओ २१५०२ ने प्रक्रियांची ती चौकट सोडून कार्यपद्धतींची मांडणी केली. पीएमआयच्या पीएमबॉक या मार्गदर्शक ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत, २०१७ साली, ४९ प्रक्रिया होत्या आणि २०२१ च्या सातव्या आवृत्तीत १२ तत्त्वे आणि कामगिरीची ८ क्षेत्रे आली. ‘प्रक्रियांचा तक्ता कुठे आहे?’ अशी नोंद म्हणूनच वाया जाते. समितीने तो तक्ता विचारपूर्वक वगळलेला असतो. शब्दांचेही तसेच. प्रकल्पाची जबाबदारी घेणाऱ्या ज्या वरिष्ठाला आयएसओ स्पॉन्सर म्हणते, त्याच्या जवळची भूमिका प्रिन्स२ या प्रकल्प व्यवस्थापनाच्या पद्धतीत एक्झिक्युटिव्ह या नावाने येते. प्रकल्पाची व्याख्यासुद्धा एक नाही: पीएमआयच्या दृष्टीने तो तात्पुरता उपक्रम, प्रिन्स२ च्या दृष्टीने तात्पुरती संघटना. वाचताना शेजारी एक छोटा कोश ठेवून ‘इथे या शब्दाचा अर्थ काय’ एवढेच लिहीत गेले, तरी निम्मे वाद उभेच राहत नाहीत.

आता क्रियापदांकडे. मराठीत चर्चा करणाऱ्या गटाने इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. मानकांच्या इंग्रजीत ‘शॅल’ म्हणजे अनिवार्य अट, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे मुभा आणि ‘कॅन’ म्हणजे शक्यता. मराठीत मात्र ‘करावे’ हे एकच रूप अटीलाही चालते आणि शिफारशीलाही. बैठकीत ‘नोंदवही ठेवावी असे हवे’ असे ठरते आणि तक्ता भरताना लेखनिक त्याचे ‘शॅल’ करतो की ‘शुड’, यावर नोंदीचे भवितव्य ठरते. यावर साधा उपाय आहे. बोलतानाच चार रूपे ठरवून घ्यावीत: अटीसाठी ‘केलेच पाहिजे’, शिफारशीसाठी ‘करावे’, मुभेसाठी ‘करण्यास मुभा आहे’, शक्यतेसाठी ‘करता येते’. इतिवृत्तातही हीच रूपे. आणि आयएसओ २१५०२ सारखे मार्गदर्शक मानक समोर असेल तर ‘शॅल’ मागूच नये. त्या प्रकारच्या दस्तऐवजात अटी नसतातच, म्हणून अशी मागणी आशय कितीही रास्त असला तरी मान्य होत नाही. टीप म्हणून छापलेल्या मजकुरातही अट घालता येत नाही. ती हवी असेल तर मुख्य परिच्छेदात सुचवावी लागते.

व्याख्या तपासायची एक ठरलेली कसोटी आहे. वाक्यातली संज्ञा काढून तिथे तिची व्याख्या जशीच्या तशी ठेवायची आणि वाक्य अर्थासकट उभे राहते का ते पाहायचे. समजा ‘समस्या’ या संज्ञेपुढे ‘जोखीम प्रत्यक्षात आली की समस्या निर्माण होते’ असे लिहिले आहे. ते विधान आहे, व्याख्या नाही, आणि वाक्यात बसवले की लगेच कोसळते. शिवाय न ओळखलेल्या कारणांतूनही समस्या उभी राहते, म्हणजे आशयही अपुरा आहे. एकाच संज्ञेवर दोन वेगळे आक्षेप सापडले तर नोंदीही दोन कराव्यात. समितीला एक स्वीकारून दुसरी नाकारायची असेल तर ते सोपे पडते. एकत्र बांधल्या तर दोन्ही बुडण्याचा धोका असतो.

नोंदीचा तक्ता ठरलेला असतो. सदस्य संस्था, ओळ क्रमांक, कलम, परिच्छेद किंवा आकृती, अभिप्रायाचा प्रकार, अभिप्राय, सुचवलेला बदल, आणि शेवटचा रकाना सचिवालयाच्या निरीक्षणासाठी. शेवटचा रिकामाच ठेवायचा. प्रकार तीन: सर्वसाधारण, तांत्रिक, संपादकीय. ते ‘जीई’, ‘टीई’, ‘ईडी’ अशा खुणांनी दाखवतात. ‘शुड’चे ‘मे’ करणे वरवर शब्दबदल वाटतो, पण त्याने मानकाचा आग्रहच बदलतो. म्हणून तो तांत्रिकच. तो संपादकीय म्हणून टाकला तर त्यावर हवी ती चर्चा न होताच तो निघून जाण्याची शक्यता असते. सर्वसाधारण प्रकार शक्यतो टाळावा. बहुतेक वेळा तो कष्ट वाचवण्यासाठी निवडला जातो आणि वाचणाऱ्याला ते कळते.

एक उदाहरण घेऊ. मसुद्यात असे वाक्य आहे असे समजा: ‘जोखीम नोंदवही नियमितपणे अद्ययावत करावी.’

कच्ची नोंद अशी येते: ‘नियमितपणे म्हणजे किती वेळा? स्पष्ट करावे.’ सुचवलेल्या बदलाचा रकाना रिकामा. प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर शोधायचे काम समितीवर टाकले आहे.

पक्की नोंद अशी. अभिप्राय: ‘केवळ कालावधीवर बांधलेले पुनरावलोकन दोन बैठकांच्या मधे मंजूर झालेल्या बदलांतून येणाऱ्या जोखमी पकडत नाही. कालावधी प्रकल्पागणिक वेगळा असल्याने आकडा घालणेही योग्य नाही.’ सुचवलेला बदल: ‘“नियमितपणे” हा शब्द काढून पुढील मजकूर घालावा: “ठरलेल्या प्रत्येक आढावा बैठकीपूर्वी, तसेच व्याप्ती, वेळापत्रक किंवा खर्च यांत बदल मंजूर झाल्यावर”.’ क्रियापद तेच ठेवले आहे, शिफारस शिफारसच राहिली आहे, आणि आकडा का नको हेही आधीच सांगून टाकले आहे. कारण दोन वाक्यांत बसावे. ‘आमच्या अनुभवानुसार’ हा शब्दप्रयोग वगळावा आणि त्या अनुभवातून दिसलेले कार्यकारण लिहावे.

चर्चा मराठीत खुशाल करावी, तक्ता मात्र मसुद्याच्या भाषेत जातो. सुचवलेला बदल मराठीत ठरवून मग भाषांतर करण्यापेक्षा, मूळ इंग्रजी वाक्य समोर ठेवून त्यातच खोडाखोड करावी. भाषांतरातून आलेले वाक्य मसुद्याच्या शैलीत बसत नाही आणि संपादक ते बदलताना आशय हलवून बसतो.

गटात एकमत होत नसेल तर काय करावे? मानकांच्या जगात सहमती म्हणजे सर्वांचा होकार नव्हे. महत्त्वाच्या मुद्द्यावर टिकून राहिलेला विरोध नसणे, आणि सगळी मते विचारात घेतलेली असणे, एवढे पुरते. विरोध करणाऱ्याने आपला बदली मजकूर लिहून द्यावा असा नियम ठेवला की कोणता विरोध टिकणारा आहे हे बैठकीतच कळते. दोन मजकूर उरले तर गटाने एक पाठवावा. शाखेकडून परस्परविरोधी नोंदी गेल्या तर राष्ट्रीय समिती दोन्ही बाजूला ठेवील.

या कामाचे श्रेयांकही मिळतात. पीएमआयचे पीएमपी हे प्रमाणपत्र टिकवण्यासाठी ३ वर्षांत ६० पीडीयू, म्हणजे व्यावसायिक विकासाचे श्रेयांक, लागतात. त्यांतले किमान ३५ शिक्षणातून यावे लागतात आणि व्यवसायाला परतफेड या सदरात जास्तीत जास्त २५ धरले जातात. स्वयंसेवी परीक्षणाचे तास या दुसऱ्या सदरात मोडतात, एका तासाला एक पीडीयू. शाखेने हजेरी, तारीख, तास आणि विषय असलेले पत्र प्रत्येकाला वेळेवर द्यावे. वर्षभराने मागितले तर कोणाकडेच नोंद सापडत नाही.

नोंदी पाठवून काम संपत नाही. समितीच्या बैठकीनंतर प्रत्येक नोंदीसमोर स्वीकारली, अंशतः स्वीकारली, नाकारली किंवा दखल घेतली असा शेरा येतो. तो तक्ता राष्ट्रीय समितीकडून मागून घ्यावा आणि गटाने एक बैठक फक्त त्यावर करावी. नाकारण्याचे कारण ‘व्याप्तीबाहेर’ असेल तर पहिले कलम नीट वाचलेले नव्हते. ‘बदल सुचवलेला नाही’ असेल तर रकाना रिकामा गेला होता. कारण आशयाचे असेल तर नोंद फेकू नये. आयएसओची मानके जास्तीत जास्त ५ वर्षांनी पुनर्विचाराला येतात. त्या वेळी मानक तसेच ठेवायचे, सुधारायचे की मागे घ्यायचे यावर २० आठवडे मतदान होते. शाखेने प्रलंबित नोंदींची एक फाइल ठेवून तिच्यात मूळ कलम, सुचवलेला मजकूर, नाकारण्याचे कारण आणि दरम्यान हाती आलेले नवे पुरावे लिहीत राहावे. फाइल पदाच्या नावाने ठेवावी, व्यक्तीच्या नावाने नव्हे, आणि कार्यकारिणी बदलताना हिशेबाच्या वह्यांबरोबर तीही सही घेऊन सोपवावी.