चाळिशी-पन्नाशीनंतर जपानच्या भाषा शाळेत जायचंय? अर्ज असा करा

आधी वयाचं बोलून घेऊ, कारण बरेच जण तिथेच अडकतात आणि फॉर्म उघडायच्या आधीच मागे फिरतात. जपानच्या स्टुडंट व्हिसाच्या नियमात वरच्या वयाची मर्यादा नाहीये. मी ५१ व्या वर्षी अर्ज केला आणि मंजूर झाला. वयाने फरक एवढाच पडतो की शाळा आणि इमिग्रेशन दोघंही आपल्याला जरा जास्त खोदून विचारतात, "आत्ताच का?" अख्खा अर्ज म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर आहे असं धरून चाला, मग कुठला कागद कशासाठी लावायचा ते आपोआप कळत जातं.

किती दिवस जायचंय ते आधी ठरवा. तीन महिन्यांच्या आतलं काही हवं असेल तर बऱ्याच शाळांचे छोटे कोर्स असतात, दोन आठवड्यांपासून दहा-बारा आठवड्यांपर्यंत, ते ९० दिवसांपर्यंतच्या शॉर्ट स्टेवर करता येतात आणि त्यात पुढची बरीचशी कटकट नाही. नोकरी सोडून जाणार असाल तर माझं मत, आधी असा एक छोटा कोर्स करूनच बघा, रोज सकाळी वर्गात बसणं झेपतंय का तेही कळतं आणि नंतर मोठ्या अर्जात दाखवायला एक पुरावाही होतो.

मोठ्या कोर्ससाठी वर्षातून चार वेळा प्रवेश असतात, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी. यात एक गंमत आहे, कोर्स बहुतेक मार्चमध्येच संपतात, त्यामुळे एप्रिलला गेलात तर दोन वर्षं, जुलैला पावणेदोन, ऑक्टोबरला दीड आणि जानेवारीला सव्वा वर्ष मिळतं. भाषा शाळेत जास्तीत जास्त दोनच वर्षं राहता येतं. अर्ज साधारण पाच-सहा महिने आधी द्यावा लागतो, म्हणजे एप्रिलसाठी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत आणि ऑक्टोबरसाठी एप्रिल-मेपर्यंत. आपल्या वयात कागद जास्त असतात, जुन्या कॉलेजचं सर्टिफिकेट, आधीच्या दोन-तीन नोकऱ्यांची पत्रं, लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा, आणि वर या सगळ्याची जपानी भाषांतरं, तेव्हा अजून तीन महिने आधीच लागा कामाला.

शाळा निवडताना पहिल्याच मेलमध्ये वय लिहा. सरळ विचारा, "माझं वय इतकं आहे, या वयाचे विद्यार्थी तुमच्याकडे आधी आलेत का, आणि त्यांचे अर्ज मंजूर झालेत का?" काही शाळा स्वतःच तीस-पस्तीसच्या पुढचे अर्ज घेत नाहीत, तो त्यांचा नियम, कायद्याचा नाही. मी एका शाळेला हे आधी विचारलं नाही, निवड फी भरून टाकली आणि मग त्यांनी वयामुळे जमणार नाही म्हणून कळवलं. ही फी २० ते ३० हजार येन असते आणि परत मिळत नाही, त्यामुळे मेलवर लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका. शाळेला सरकारची मान्यता आहे ना तेही बघा, एप्रिल २०२४ पासून तिथे भाषा शाळांना मान्यता देण्याचा नवीन कायदा लागू झालाय आणि जुन्या शाळांना त्यात यायला पाच वर्षांची मुदत आहे. इमिग्रेशनच्या लेखी जी शाळा 'योग्य' गटात मोडते तिच्या विद्यार्थ्यांना कागद कमी लागतात, शाळेला विचारलं की त्या सांगतात.

आता मुख्य गोष्ट, शिकण्याच्या कारणांचं पत्र. यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. माझ्या पहिल्या ड्राफ्टची सुरुवात होती, "मला लहानपणापासून जपानी संस्कृतीची आवड आहे." शाळेतल्या बाईंनी त्या ओळीखाली रेघ मारून कागद परत पाठवला आणि शेजारी विचारलं की मग इतकी वर्षं काय केलंत? बरोबरच होतं त्यांचं. मग मी लिहिलं की मी बावीस वर्षं मशीनचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात होते, जपानहून येणाऱ्या ड्रॉइंगवरच्या टीपा वाचून घ्यायला दर वेळी बाहेरच्या माणसाची वाट बघावी लागायची, म्हणून संध्याकाळचा क्लास लावला, डिसेंबरमध्ये जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी पास झाले (एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड), मुलीचं शिक्षण आता संपलंय त्यामुळे घरची मोठी जबाबदारी उरली नाहीये, आणि परत आल्यावर मला टेक्निकल भाषांतराचं काम करायचंय. बघा, यात "आत्ताच का" याचं उत्तर आहे, इथे राहून का जमत नाही याचंही आहे आणि नंतर काय करणार तेही आहे. तुमचं कारण नोकरीचंच असायला पाहिजे असं नाही, रिटायर झाल्यावर कोणाला जपानी बागकाम शिकायचं असेल, कोणाची सून जपानी असेल, पण जे लिहाल ते तुमच्या बाकीच्या कागदांशी जुळलं पाहिजे.

बायोडेटात एकही वर्ष रिकामं ठेवू नका. शाळेपासून आजपर्यंतचा सगळा हिशोब महिना आणि वर्षासकट मागतात, आणि आपल्या आयुष्यात मधे खंड पडलेले असतातच, मुलं लहान होती, आई आजारी होती, धंदा केला आणि बंद केला. जे होतं ते लिहा, "घर सांभाळत होते" हे उत्तर चालतं, मोकळी जागा चालत नाही. पूर्वी कधी जपानला गेला असाल किंवा आधी अर्ज नाकारला गेला असेल तर तेही लपवू नका, त्यांच्याकडे रेकॉर्ड असतं.

पैशांचं म्हणाल तर फी वर्षाला साधारण ७ ते ९ लाख येन, राहणं-खाणं वेगळं. आपल्या वयाचा फायदा असा की आई-वडिलांना स्पॉन्सर दाखवायची गरज नाही, स्वतःच्या बचतीवर जाता येतं. पण नुसतं बँकेचं बॅलन्स सर्टिफिकेट पुरत नाही, ते पैसे आले कुठून हे बघतात. अर्जाच्या आदल्या महिन्यात खात्यात एकदम मोठी रक्कम आली असेल तर तिचा कागद जोडा, एफडी मोडली, जमीन विकली, पीएफ मिळाला, जे असेल ते. नोकरी सोडणार असाल तर शक्य असेल तोवर सोडू नका, चालू नोकरीचं पत्र आणि गेल्या काही वर्षांचे टॅक्सचे कागद बचतीला आधार देतात. नवरा किंवा बायको स्पॉन्सर असेल तर त्यांच्या उत्पन्नाचे हेच कागद लागतील.

भाषेचा पुरावा म्हणून बहुतेक शाळा एन५ च्या तोडीची परीक्षा किंवा १५० तास शिकल्याचं सर्टिफिकेट मागतात. जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, रिझल्टला वेळ लागतो, तेव्हा तारखा जुळवून घ्या. एन५ वर थांबू नका, शक्य असेल तर एन४ द्या, शिकायची खरी इच्छा आहे हे त्यातून दिसतं.

कागद गेले की शाळाच आपल्या वतीने इमिग्रेशनकडे सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटीचा अर्ज करते, सगळे त्याला सीओई म्हणतात. एप्रिलवाल्यांचा निकाल फेब्रुवारी संपता संपता लागतो. मग फी भरायची, सीओई घ्यायचं आणि ते घेऊन जपानी दूतावासात व्हिसा काढायचा. सीओई तीन महिनेच चालतं.

बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर हे नीट वाचा. प्रिस्क्रिप्शनची औषधं एक महिन्यापुरतीच तशी नेता येतात, जास्त न्यायची असतील तर निघायच्या आधी युन्यू काकुनिनशो नावाची परवानगी ऑनलाइन काढावी लागते. काही औषधं तिथे पूर्ण बंद आहेत, त्यामुळे डॉक्टरांकडून औषधाच्या घटकाचं नाव लिहून घ्या, ब्रँडचं नाव तिथे कोणाला कळणार नाही.

राहायचं शाळेच्या हॉस्टेलवर असेल तर एकटीची खोली मागा, रूममेट विशीतले असतात आणि रात्री दोनपर्यंत जागतात. पत्ता ठरला की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात जाऊन नोंद करायची, तिथेच आरोग्य विमा होतो, त्यात उपचाराच्या खर्चाचा ३० टक्के भाग सर्वसाधारणपणे आपण भरायचा. चाळिशी ओलांडलेल्यांना हप्त्यात काइगो म्हणजे वृद्धसेवा विम्याचाही भाग लागतो, त्यामुळे वर्गातल्या मुलांपेक्षा आपली रक्कम वेगळी दिसली तर चूक झाली असं समजू नका. साठच्या आत असाल तर पेन्शनमध्येही नाव घालावं लागतं, पण उत्पन्न नसेल तर माफीचा अर्ज तिथल्या तिथे भरता येतो, खिडकीवर "मेनजो" हा शब्द म्हणा.

आणि वाचायच्या चष्म्याची जास्तीची एक जोडी न्या. पहिल्याच दिवशी लेव्हल ठरवायची परीक्षा असते, आणि कांजीच्या, म्हणजे चिनी चित्राक्षरांच्या, डोक्यावर उच्चार सांगणारी जी छोटी अक्षरं, फुरिगाना, छापतात ती इतकी बारीक असते की साध्या डोळ्यांनी ठिपके आणि रेघा वेगळ्या दिसत नाहीत.