रिटायरमेंटनंतर घराण्याची कादंबरी लिहायचीय? वंशावळीतल्या रिकाम्या जागेपासून सुरू करा

सगळं घराणं एकदम लिहायला घेऊ नका. एक माणूस आणि एक वर्ष धरा. मी माझ्या पणजीपासून सुरुवात केली, कारण आमच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत आणि तिच्या जागी नुसतं "पत्नी" लिहिलंय, ते बघून फार वाईट वाटलं.

आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा, कचेरीत नंतर. सन विचारू नका, काय खायचात, पाणी कुठून आणायचात, कोण कोणाशी बोलत नव्हतं असं विचारा, आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. माझी आत्या तासभर फक्त चुलीबद्दल बोलली आणि त्यातूनच माझं पहिलं प्रकरण झालं.

मग कागद. तहसील कचेरीत गाव नमुना १४ म्हणजे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी मिळतात, त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वह्यांत पूर्वज कधी आले, सोबत कोण होतं ते सापडू शकतं. जुनं बरंचसं मोडी लिपीत असतं, तर मोडीचा क्लास लावाच, आता वेळ आहे ना आपल्याकडे! तारीख शकात असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, पण १ जानेवारीनंतरची तिथी, म्हणजे माघ-फाल्गुन आणि बऱ्याचदा पौषही, असेल तर ७९, म्हणजे शके १८१८ चा माघ हा १८९७ सालचा. मी इथेच चुकले होते आणि पणजीला प्लेगच्या एक वर्ष आधीच पुण्यात आणून बसवलं होतं.

वर्ष पक्कं झालं की त्या वर्षाचं गाव उभं करा. १८९७ च्या पुण्यात प्लेगसाठी नेमलेल्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत गोरे सोजीर घराघरात शिरून तपासणी करत होते, आजारी माणसाला उचलून नेत होते, हे इतिहासात आहे. पण माजघरात लपवलेल्या तापलेल्या पोराच्या तोंडावर हात ठेवून बसलेली बाई कुठल्याच दप्तरात नाही, ती आपण लिहायची. फक्त दोन वह्या ठेवा, एकीत सापडलेलं, दुसरीत कल्पिलेलं, नाहीतर वर्षभरात आपलं आपल्यालाच कळत नाही खरं कुठलं.

घरातलं नाजूक काही असेल, दत्तक, टाकलेली बायको, जमिनीची भांडणं, तर नावं आणि गाव बदला, हयात नातेवाईकांना आधी वाचायला द्या. आणि संशोधन संपायची वाट बघू नका, ते संपत नाही, रोज एक पान लिहा आणि अडलं की मग परत कागदांकडे जा. पणजीचं नाव मला अजून सापडलेलं नाही, कादंबरीत मी तिला यमुना म्हणते.