जपानी मेंदूज्वराची चाहूल डुकरांतून कशी घ्यावी

रोवणी होऊन बांध्यांत पाणी साचलं की जपानी मेंदूज्वर पसरवणारे क्युलेक्स विष्णुई गटातले डास वाढू लागतात. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात पशुवैद्यक म्हणून काम करताना तेव्हा माझं लक्ष गावाबाहेरच्या डुकरांवर असतं. या आजाराचा विषाणू बगळे, रातबगळे यांच्यात फिरत राहतो आणि डुकराच्या रक्तात भरमसाट वाढतो. माणसाच्या रक्तात तो डासाला पुढे नेता येईल इतका वाढत नाही. डुक्कर मात्र बहुधा आजारी दिसतच नाही, म्हणून रक्तच तपासावं लागतं.

सगळं अवलंबून असतं योग्य डुक्कर निवडण्यावर. मोठ्या डुकराच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीरानं तयार केलेली प्रथिनं, सापडली तर ती गेल्या पावसाळ्यातलीही असू शकतात. अगदी लहान पिलांत आईकडून आलेली असतात. म्हणून चार-पाच महिन्यांची पिलं घ्या, पावसाआधी पहिला नमुना तपासा आणि ज्यांच्यात प्रतिपिंडं नाहीत तीच पाळतीला ठेवा. कानात बिल्ला मारा. मग पावसाळाभर दर पंधरवड्याला त्याच पिलांचं रक्त घ्या. कोरं पिलू ज्या पंधरवड्यात पॉझिटिव्ह निघालं, त्या सुमारास विषाणू त्या गावात फिरत होता, एवढं खात्रीनं सांगता येतं.

रक्त पशुवैद्यकानंच घ्यावं, लाल झाकणाच्या साध्या नळीत. ते गोठू द्या, वर सुटणारं पिवळसर पाणी म्हणजे सीरम वेगळं करा आणि बर्फाच्या डब्यातून पाठवा. अख्खं रक्त फ्रीजरमध्ये टाकू नका. पेशी फुटून नमुना वाया जातो. नळीवर बिल्ल्याचा क्रमांक, गाव, तारीख लिहा. एलायझा या प्रतिपिंडांच्या नेहमीच्या चाचणीत वेस्ट नाइल या जवळच्या विषाणूची प्रतिपिंडंही जपानी मेंदूज्वरासारखी दिसू शकतात, तेव्हा दोन्हींतला फरक सांगणारी न्यूट्रलायझेशन चाचणी मागायला संकोच करू नका.

मालकाला आधी नीट समजावून सांगा. डुकरं मारायला आलेत, ही भीती त्याच्या मनात असते आणि ती खोटी ठरवणं आपलं काम आहे. गाभण मादी गाभडली किंवा मेलेली पिलं झाली तर लगेच कळव, हेही त्याला सांगून ठेवा. कितीदा तरी पहिली खूण तीच असते.

डासांसाठी दिवस मावळल्यावर गोठ्यात आणि डुकरांच्या वाड्यात टॉर्च व डास ओढून धरायची शोषनळी घेऊन जा. अंगभर कपडे घाला. एका माणसानं तासाभरात किती डास धरले ते नोंदवा. माद्या जातवार वेगळ्या करून, एका कुपीत पन्नासपर्यंत, कोरड्या बर्फात ठेवा.

बगळ्यांना हात लावायचा नाही. वन्यपक्षी पकडायला वनविभागाची परवानगी लागते. घरटी कुठल्या झाडांवर आहेत आणि तिथून वाडा किती लांब, एवढं नकाशावर मांडा.

पिलू पॉझिटिव्ह आलं की त्याच दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करा. जपानी मेंदूज्वराच्या लसीचा नऊ महिन्यांचा आणि सोळा ते चोवीस महिन्यांचा डोस कुठल्या मुलाचा राहिलाय, ते त्यांना गावात लगेच बघता येतं. पोराला ताप येऊन झटके आले तर मात्र अहवालाची वाट पाहू नका, थेट दवाखान्यात न्या. याच भागात चांदीपुरा विषाणूही मेंदूज्वर करतो. तो वाळूमाशी पसरवते आणि डुकरांच्या रक्तावर ठेवलेल्या या पाळतीत तो दिसणार नाही.