भिंगाची गणितं आणि उणे चिन्ह : माझा अनुभव

दहावीच्या सहामाहीत भिंगाच्या गणितात माझे बरेचसे मार्क गेले. सूत्र तोंडपाठ होतं, तरीही.

गणित साधंच होतं. बहिर्वक्र (मध्ये जाड) भिंग, नाभीय अंतर (भिंगापासून नाभीपर्यंतचं, म्हणजे समांतर किरण जिथे एकवटतात त्या बिंदूपर्यंतचं अंतर) १० सेमी, वस्तू १५ सेमीवर, प्रतिमा कुठे? मी १/व्ही − १/यू = १/एफ (व्ही म्हणजे प्रतिमेचं अंतर, यू वस्तूचं, एफ नाभीय अंतर) लिहिलं आणि यूच्या जागी सरळ १५ टाकले. उत्तर आलं ६ सेमी. पेपर हातात आल्यावर ताई म्हणाली, "आधी आकृती काढून बघ." काढली, आणि चूक तिथेच दिसली. वस्तू नाभीच्या बाहेर असेल तर वास्तव (पडद्यावर घेता येणारी) प्रतिमा नाभीच्या आत पडूच शकत नाही!

भिंगापासून डावीकडची अंतरं उणे धरतात; वस्तू भिंगाच्या डावीकडे, म्हणून यू = −१५. मग १/व्ही = १/१० − १/१५ = १/३०, म्हणजे व्ही = +३० सेमी. विशालन (प्रतिमा वस्तूच्या किती पट, म्हणजे व्ही भागिले यू) ३० भागिले −१५, म्हणजे −२; उणे चिन्ह म्हणजे उलटी. प्रतिमा उलटी आणि दुप्पट मोठी.

तेव्हापासून मी सूत्राला हात लावायच्या आधी किरणाकृती काढते, अगदी कच्ची, पेन्सिलीने. मग 'दिलेले' खाली प्रत्येक संख्या चिन्ह आणि एककासकट लिहिते. या दोन ओळींना आळस करू नका, खरंच. आकडेमोड चुकली तरी सूत्र आणि पायऱ्यांचे मार्क मिळतात, पण त्या कागदावर दिसायला हव्यात.

पूर्वपरीक्षेत अंतर्वक्र (मध्ये पातळ) भिंग आलं; त्याचं नाभीय अंतर उणे असतं. एफ आधी उणे लिहिला, मग बाकीचं.