तीन-चार-पाचवरून सापेक्षतेकडे

मी बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे. दहावीला गणितात काठावर पास, पुढे आयटीआय. आता वय एकावन्न. गेली सहा वर्षं डोंबिवली ते भायखळा लोकलमध्ये आणि रात्री जेवणं आटोपल्यावर फिजिक्स शिकतोय. गणित कच्चं असलेल्याने हात कुठे घालावा, ते सांगतो.

क्वांटमपासून, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांच्या फिजिक्सपासून, सुरुवात करू नका. मी तेच केलं होतं. जाडजूड पुस्तक आणलं, अकराव्या पानावर इंटिग्रेशनचं चिन्ह आलं आणि पुस्तक वर्षभर कपाटात पडून राहिलं. आधी विशेष सापेक्षता घ्या, म्हणजे वेगाने काळ-अंतराची मापं कशी बदलतात हे सांगणारा आइनस्टाइनचा सिद्धांत. तिचा गाभा पायथागोरसच्या प्रमेयात मावतो, आणि ते प्रमेय आमचे गवंडी रोज वापरतात. लाइनआउट करताना, म्हणजे जमिनीवर भिंतींच्या रेघा आखताना, कोपरा गुण्यात (काटकोनात) आहे का हे बघायला एका बाजूला तीन फूट मोजायचे, दुसऱ्या बाजूला चार. तिरकं माप पाच आलं की काटकोन पक्का.

आता चौकटीची वही घ्या. एका यानात खाली एक आरसा, वर एक, आणि खालून वर निघालेला प्रकाशाचा किरण. यानातल्या माणसाला तो सरळ वर जाताना दिसतो, चार घरं. यान प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने चाललंय. बाहेर उभे राहून आपण बघतो, तेव्हा किरण वर पोचेपर्यंत वरचा आरसा तीन घरं पुढे सरकलेला असतो, म्हणून आपल्याला किरणाची वाट तिरकी दिसते, पाच घरं. प्रकाशाचा वेग मात्र दोघांनाही सारखाच, एका घराला एक टिक. म्हणजे आपल्या घड्याळात पाच टिक झाले तेव्हा यानातल्या घड्याळात चारच. काळ मंदावतो हे मी कितीदा वाचलं होतं. पण मस्टरच्या मागच्या पानावर ही आकृती स्वतः काढली, तेव्हा बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो.

मग वेग ०.८ घ्या, तोच त्रिकोण आडवा पडतो, पाचाला तीन. पुढे कॅल्क्युलेटर काढून ०.९९८ करून बघा, यानातल्या एका टिकला आपले जवळजवळ सोळा टिक येतील. हा आकडा जपून ठेवा. अवकाशातून येणारे कॉस्मिक किरण हवेवर आदळून दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे कण तयार होतात, आणि साधारण याच वेगाने खाली येतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. तरी ते जमिनीवर भरपूर सापडतात. ६६० ला सोळाने गुणा, म्हणजे कसं ते कळेल.

गणित अडेल तेव्हा, अडेल तेवढंच शिका. पण तेवढं शिकाच. ते टाळून नुसते व्हिडिओ बघितले की समजल्यासारखं वाटतं, दुसऱ्या दिवशी हातात काही उरत नाही. माझा नियम असा: पेन्सिल उचलली नाही तर तो दिवस मोजायचा नाही. डेरिव्हेटिव्ह मी लोकलच्या खिडकीत शिकलो. रुळालगतच्या खांबांवर किलोमीटरचे आकडे असतात; ठाणे सुटल्यावर ते आणि मोबाइलवरची वेळ टिपत गेलो, घरी आलेख काढला. रेघ जिथे उभी चढते तिथे गाडी जोरात, मुलुंड जवळ आलं की रेघ आडवी होत जाते. त्या चढाचं माप म्हणजे डेरिव्हेटिव्ह.

विचारायला माणूसही हवा. टीआयएफआर या मुंबईतल्या संशोधन संस्थेचा ‘चाय अँड व्हाय?’ हा उपक्रम सामान्य लोकांसाठीच आहे. पृथ्वी थिएटरमध्ये, रुपारेल कॉलेजात त्याचे कार्यक्रम झालेले आहेत. प्रश्न कागदावर लिहून न्या. उभं राहिल्यावर शब्द सुचत नाहीत.

क्वांटमकडे यानंतर वळा, तेही पोलरॉइडने, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या फिल्मने. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत फुटक्या एलसीडी स्क्रीनची विचारणा करा, त्यांच्यावर ही फिल्म असते. तीन तुकडे कापा. दोन तुकडे एकमेकांवर आडवे-उभे धरले की अंधार. त्या दोघांच्या मध्ये तिसरा ४५ अंशांत सरकवा, उजेड परत येतो! पहिल्या तुकड्याने निम्मा, मधल्याने त्याच्या निम्मा, शेवटच्याने पुन्हा निम्मा, म्हणजे मूळच्या एक अष्टमांश. फिल्म थोडा प्रकाश शोषते, म्हणून प्रत्यक्षात जरा कमीच. आता तो मधला तुकडा काढून दोघांच्या पुढे धरा: पुन्हा अंधार. तुकडे तेच, फक्त क्रम बदलला. एकेका फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशाच्या कणाच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे लिहायला मला बाणांची बेरीज आणि थोडी त्रिकोणमिती लागली. त्यात तीन महिने गेले. मग कपाटातलं ते पुस्तक काढलं. सध्या पान चौऱ्याहत्तरवर आहे.