वाशिष्ठीचा गाळ शेतात घेण्यापूर्वी: उन्हाळी कामांसाठी सल्ला

चिपळुणात 22 जुलै 2021 रोजी आलेल्या महापुरानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतील गाळ काढावा, यासाठी नागरिकांनी त्याच वर्षाच्या अखेरीस साखळी उपोषण केले आणि त्यानंतर नदीपात्रात पोकलेन व डंपर दिसू लागले. पात्र मोकळे व्हावे ही मागणी रास्तच होती. काढलेला गाळ जातो कुठे आणि त्यात काय आहे, हा त्यापुढचा प्रश्न काठावरचे रहिवासी विचारतात, आणि तो शेतकऱ्याने त्यांच्याइतक्याच आग्रहाने विचारायला हवा. खलाटीची (सखल भातजमिनीची) पातळी उंचावण्यासाठी, कातळावरील कलमांचे खड्डे भरण्यासाठी किंवा परसातील वाफ्यांसाठी फुकट मिळणारी माती कोणाला नको असते? परंतु एकदा नांगराखाली गेलेला गाळ पुन्हा वेगळा काढता येत नाही, आणि त्यात शिसे किंवा कॅडमियम असेल तर ते शेणखतासारखे कुजून संपत नाही.

नदीचा गाळ सर्वत्र सारखा नसतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी पात्रात गोटे, खडी आणि जाड वाळू असते. तिच्यात अन्नद्रव्ये कमी असतात आणि प्रदूषकेही सहसा कमी चिकटतात. खेर्डी आणि गाणे-खडपोली या औद्योगिक वसाहतींच्या खाली, शहराच्या सांडपाण्याचे नाले मिळतात तिथे आणि भरतीचे पाणी पोहोचते त्या गोवळकोटकडच्या भागात बारीक, चिकट, काळसर गाळ बसतो. धातू नेमके याच बारीक कणांना आणि सेंद्रिय पदार्थांना चिकटून राहतात, म्हणजे जो गाळ हाताला सुपीक वाटतो त्याचीच तपासणी अधिक गरजेची असते. आणखी खाली दाभोळ खाडीत लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल मच्छिमार अनेक वर्षे तक्रारी करत आले आहेत. यावरून वाशिष्ठीचा सगळा गाळ दूषित आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल. मात्र डंपर कोणत्या टप्प्यातून भरला, हे कळल्याशिवाय तो बांधावर रिकामा करून घेऊ नये.

पाण्याखाली निपचित पडलेला गाळ उकरल्यावर वेगळा वागतो. तळाशी प्राणवायू नसल्यामुळे तेथील धातू गंधकाशी संयोग पावून घट्ट बांधलेले असतात. तोच गाळ उन्हात वाळला की गंधकाचे ऑक्सिडीकरण होऊन आम्ल तयार होते, सामू (आम्लता दाखवणारा pH) उतरतो आणि बांधलेले धातू सुटे होऊन पिकाच्या मुळांना उपलब्ध होऊ लागतात. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत हे आम्ल बऱ्याच प्रमाणात मारले जाते. कोकणातील जांभ्याची जमीन मुळातच आम्लधर्मी असल्याने तिच्याकडे ती ताकद कमी असते. त्यामुळे घाटावर निर्धोक ठरलेला गाळ वापरण्याचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू करू नये. सडक्या अंड्यासारखा वास आला म्हणजे रसायन मिसळले आहे, असेही समजू नये. खाडीच्या चिखलाला तो वास निसर्गतःच असतो. तो वास आम्ल तयार होण्याची शक्यता मात्र सुचवतो. अशा गाळाच्या एका नमुन्याचा सामू ओला असतानाच तपासावा आणि दुसरा नमुना तीन-चार आठवडे सावलीत, अधूनमधून किंचित ओलावत, वाळू देऊन पुन्हा तपासावा. दुसऱ्या वेळी सामू बराच घसरला किंवा ढेकळांवर पिवळट डाग उमटले, तर तो गाळ शेतात नको.

मृदा आरोग्य पत्रिकेबद्दल एक गैरसमज सर्वत्र आढळतो. त्या पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन असे 12 घटक असतात. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, पारा किंवा आर्सेनिक त्यात नसतात. पत्रिकेत सर्व काही उत्तम आले म्हणून गाळ निर्धोक ठरत नाही. या धातूंचे एकूण प्रमाण मिलिग्रॅम प्रति किलो या मापात स्वतंत्रपणे मागावे लागते आणि तशी सोय असलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच नमुना द्यावा लागतो. नमुना घेताना ढिगाच्या सात-आठ ठिकाणांहून, वरून आणि आतूनही, प्लास्टिकच्या खुरप्याने माती घ्यावी, कारण जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा गंजके घमेले आकडे बिघडवते. एकत्र केलेल्या मातीतून अर्धा किलो नमुना पुरतो. त्यासोबत स्वतःच्या शेताचा एक नमुना अवश्य द्यावा.

हा दुसरा नमुना कशासाठी, तर अहवाल वाचता यावा यासाठी. खत (नियंत्रण) आदेश, 1985 मध्ये शहरी कंपोस्टसाठी प्रति किलो कॅडमियम 5, शिसे 100, क्रोमियम 50 आणि निकेल 50 मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. त्या कंपोस्टच्या आहेत, गाळाच्या नव्हेत. तरीही अंदाजासाठी उपयोगी पडतात. अडचण अशी की सह्याद्रीच्या बेसॉल्ट खडकात आणि त्यापासून झालेल्या जांभ्यात क्रोमियम व निकेल निसर्गतःच भरपूर असतात, त्यामुळे कारखान्याचा थेंबही न लागलेली माती या दोन आकड्यांवर नापास होऊ शकते. म्हणून क्रोमियम-निकेलसाठी आपल्या शेताशी तुलना करावी आणि गाळातील आकडा शेताच्या दुपटीकडे जात असेल तर तो नाकारावा, असे माझे मत आहे. शिसे आणि कॅडमियम यांना खडकाची ही सबब फारशी लागू होत नाही. त्यांचा आकडा शेतापेक्षा स्पष्टपणे जास्त असेल, तर मर्यादेच्या आत असला तरी भाजीच्या वाफ्यात तो गाळ घालू नये.

भरतीच्या टापूतील गाळात मीठही असते. भाताचे कोवळे रोप क्षाराला फार नाजूक असल्याने असा गाळ तरव्याच्या (रोपवाटिकेच्या) जागी मुळीच पसरू नये. प्रयोगशाळेत माती व पाणी 1:2.5 या प्रमाणात घेऊन मोजलेली विद्युतवाहकता (क्षारतेचे माप) 1 डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असेल तरच तो भातखाचरासाठी घ्यावा. जास्त असल्यास एक पावसाळा उघड्यावर, विहिरीपासून दूर, बांध घालून धुऊ द्यावा. खाजणातील (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतील) शेतकरी पनवेल 1, 2, 3 या क्षारसहनशील जाती लावतात, पण त्या क्षार सोसतात, धातू नव्हेत.

तपासणीत उतरलेला गाळही पहिल्या वर्षी थोडाच वापरावा. एका गुंठ्यावर एक इंच थर म्हणजे जवळजवळ एक ब्रास (100 घनफूट). सहा इंच नांगरटीत तो मिसळला की मातीत त्याचा वाटा सातवा होतो, आणि सुरुवातीला एवढा पुरे. दोन-तीन गुंठ्यांत करून पाहावे. भातखाचरात पाणी उभे असेपर्यंत कॅडमियम बहुधा बांधलेले राहते. दाणा भरण्याच्या काळात खाचर लवकर सुकवले तर ते सुटते, म्हणून तिथे शक्य तोवर ओल टिकवावी. भात काढल्यावर त्याच जमिनीत माठ, पालक, मुळा घेण्याची आपली पद्धत मात्र अशा तुकड्यात पहिली दोन वर्षे टाळावी, कारण पालेभाज्या कॅडमियम सहज उचलतात. त्याऐवजी कुळीथ किंवा वाल घ्यावा. आंबा-काजूच्या खड्ड्यात गाळ वापरायचा असल्यास स्थानिक माती आणि शेणखतात मिसळून वापरावा व बुंध्याभोवती ढीग लावू नये.

गाळ शेतात आधीच पडला असेल आणि तपासणी राहिली असेल, तर नांगरट थांबवून तो आहे तिथेच गोळा करून ठेवावा, भोवती चर काढावा आणि पहिल्या पावसाआधी ताडपत्रीने झाकावा. मिसळून गेला असेल, तर माती परीक्षणानुसार चुना देऊन सामू साडेसहाच्या आसपास आणावा आणि सेंद्रिय खत वाढवावे. त्याने धातू नाहीसे होत नाहीत, पण मुळांना कमी मिळतात.

ज्यांच्या गावात यंदा गाळ टाकण्याचे ठरले आहे त्यांनी ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मागाव्यात: गाळ नदीच्या कोणत्या टप्प्यातून काढणार, त्याचा धातूंचा अहवाल कोठे आहे, आणि कोणत्या गट क्रमांकावर किती ब्रास पडणार. माहितीच्या अधिकारातील अर्जाला उत्तर देण्याची मुदत 30 दिवसांची असते, त्यामुळे तो एप्रिलमध्येच द्यावा.