उवा पुन्हा पुन्हा का होतात? या चुका टाळा

मुलाच्या डोक्याला औषध लावले, उवा मेल्या, घरात सगळ्यांनी हुश्श केले. आणि तीन आठवडे होतात न होतात तोच पोर पुन्हा डोके खाजवायला लागले. मग खापर औषधावर फुटते, शाळेवर फुटते, नाहीतर वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलीवर. खरी गडबड बहुतेक वेळा दिवस मोजण्यात झालेली असते.

पहिली आणि सर्वात महागात पडणारी चूक: दुसऱ्यांदा औषध न लावणे

मादी ऊ दिवसाला साधारण 6 ते 8 अंडी घालते. हीच लीख. ती फुटून पिल्लू बाहेर यायला सुमारे 6 ते 10 दिवस लागतात आणि ते पिल्लू मोठे होऊन स्वतः अंडी घालायला लागेपर्यंत आणखी 9 ते 12 दिवस जातात. सगळ्यात जास्त वापरले जाणारे 1 टक्का परमेथ्रिनचे औषध चालत्या उवा मारते, लिखांवर मात्र त्याचा भरवसा नाही.

आता हिशेब मांडा. आज औषध लावले, सगळ्या उवा मेल्या. आज सकाळी घातलेल्या लिखा पुढच्या आठ-दहा दिवसांत फुटतील. ज्या आधीपासूनच पिकत आल्या होत्या त्या उद्याच फुटतील, आणि त्यातली पिल्ले दहाव्या दिवसाच्या आसपास अंडी घालण्याच्या वयात येतील. म्हणजे जवळपास सगळ्या लिखा फुटलेल्या आहेत, पण एकही नवी मादी अंड्यावर आलेली नाही, अशी एक अरुंद फट मिळते. ती फट म्हणजे औषध लावल्याचा दिवस सोडून मोजलेला नववा दिवस. रविवारी औषध लावले असेल तर मधला रविवार सोडून त्यापुढचा मंगळवार.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी घाई करून पुन्हा लावले, तर बऱ्याच लिखा अजून बंदच असतात. पंधरा दिवसांनी लावले, तर पहिल्या पिल्लांनी तोवर नवी अंडी चिकटवलेली असतात आणि सगळे चक्र पहिल्यापासून. नवव्या दिवशी डोक्यात एकही ऊ दिसली नाही तरी दुसरी पाळी चुकवायची नाही, कारण नुकते फुटलेले पिल्लू टाचणीच्या डोक्याएवढे असते आणि सहज नजरेतून सुटते. मोबाइलमध्ये तारखेची आठवण पहिल्या दिवशीच लावून टाका; आठ दिवसांनी घरात कुणाला आठवत नाही.

औषधागणिक अंतर थोडे बदलते. डायमेथिकोनचे 4 टक्के लोशन 7 दिवसांनी पुन्हा लावतात. आयव्हरमेक्टिनचे 0.5 टक्के लोशन एकदाच लावायचे असते. त्यामुळे बाटलीवरची सूचना आधी वाचा, मग केस ओले करा.

लीख की कोंडा, आणि जिवंत की रिकामी

केसाची एक बट उजेडात धरा आणि पांढरा ठिपका अंगठा नि तर्जनीच्या चिमटीत धरून केसावरून ओढा. कोंड्याची खपली लगेच निसटते, फुंकरीनेही उडते. लीख हलत नाही. ती केसाला एका बाजूने, किंचित तिरकी, सरसासारख्या पदार्थाने घट्ट चिकटलेली असते. नखाने खरवडत टोकापर्यंत नेली तरच निघते. कधी कधी केसाभोवती बांगडीसारखा बसलेला पांढरा कण दिसतो. तो केसावर सहज वरखाली सरकला, तर ती लीख नव्हे, टाळूच्या त्वचेचा सुटलेला पापुद्रा.

आता गंमत अशी, की लांबून ज्या पांढऱ्याशुभ्र लिखा दिसतात आणि घाबरवतात, ती बहुधा रिकामी टरफले असतात. जिवंत लीख मातकट, तपकिरी झाक असलेली, जेमतेम 0.8 मिलिमीटरची, टाळूपासून अर्ध्या सेंटिमीटरच्या आत लपलेली असते. केस महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतात. म्हणजे मुळापासून दीड-दोन सेंटिमीटर खाली दिसणारी लीख दीड-दोन महिन्यांपूर्वीची आहे, ती कधीच फुटून गेली. अशा जुन्या लिखा पाहून पुन्हा पुन्हा औषध लावणे, हा मुलाच्या टाळूवर निव्वळ अन्याय आहे. उपचार सुरू करायचे ते चालती ऊ दिसली तरच. ती सापडत नसेल आणि मुळाशी तपकिरी लिखा दिसत असतील, तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा नीट फणी फिरवून बघा.

कोरड्या केसांत नुसते डोळ्यांनी शोधणे

ऊ तिळाएवढी असते आणि उजेड पडला की पळते. मिनिटाला वीस सेंटिमीटरपर्यंत अंतर ती सहज कापते. कोरड्या केसांत भांग पाडून बघत बसले तर ती तुमच्या बोटांच्या पुढेच धावत असते. ओल्या, कंडिशनर लावलेल्या केसांत तिची चाल मंदावते, म्हणून तपासणी तशीच करायची.

केस साध्या शाम्पूने धुवा आणि भरपूर कंडिशनर चोळा. आधी मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढा. मग बारीक दातांची फणी घ्या, दोन दातांतली फट 0.2 ते 0.3 मिलिमीटरची; धातूची असेल तर उत्तम, कारण प्लास्टिकचे दात वाकतात आणि फट वाढते. केसांचे चार भाग करून एकेक बोटभर रुंद बट घ्या. फणीचे दात टाळूला टेकले पाहिजेत, तिथून एका ओढीत टोकापर्यंत. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या टिश्यूवर पुसा आणि काय आले ते बघा. कानामागे आणि मानेच्या वर जास्त वेळ द्या, उवांचा मुक्काम तिथेच. सगळे डोके दोनदा विंचरून झाले की केस धुऊन पुन्हा एकदा फणी फिरवा. आखूड केसांना दहा मिनिटे, लांब किंवा कुरळ्या केसांना अर्धा तास तरी लागतोच. पाच मिनिटांत आटोपले असेल तर ते विंचरणे झाले, उवा काढणे नव्हे.

औषध वापरायचे नसेल तर नुसती ही पद्धतही चालते, पण वेळापत्रक मोडता येत नाही: पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा दिवस, आणि सतराव्या दिवशी शेवटची तपासणी. मधली एखादी फेरी गाळली की तेवढ्यात मोठे झालेले पिल्लू अंडी घालून मोकळे होते.

औषध लावतानाच्या चुका

कंडिशनर हा फणीचा मित्र आणि परमेथ्रिनचा शत्रू. त्याच्या थरामुळे औषध केसाला नीट धरत नाही. औषधाच्या दिवशी केस साध्या शाम्पूने धुवायचे, कंडिशनर अजिबात नाही. तेल लावलेले असेल तर ते पूर्ण निघाले पाहिजे. केस टॉवेलने टिपून नुसते दमट ठेवायचे. पाणी ठिबकत असेल तर औषध पातळ होते. उलट डायमेथिकोन कोरड्या केसांना लावतात आणि साधारण 8 तास, म्हणजे रात्रभर ठेवतात. एकाची पद्धत दुसऱ्याला लावली की दोन्ही फुकट.

परमेथ्रिन टाळूवर आणि मुळांशी चोळून 10 मिनिटे ठेवायचे. इथे दोन टोकांच्या चुका होतात. मूल चुळबुळ करते म्हणून चार मिनिटांत धुतले जाते, नाहीतर जास्त असर होईल म्हणून तासभर ठेवले जाते. पहिल्याने उवा वाचतात, दुसऱ्याने टाळू जळजळते, फायदा काही नाही. घड्याळ लावा. दुसरी चूक प्रमाणाची: खांद्याखाली केस असतील तर एक बाटली पुरेलच असे नाही. उरलेसुरले अर्धे औषध दोन भावंडांत वाटून लावले, तर दोघांच्याही डोक्यात उवा राहतात.

धुताना मुलाला वाकवून, डोळ्यांवर कोरडा टॉवेल धरून, फक्त डोक्यावर कोमट पाणी घाला. अंघोळीच्या वेळी धुतले तर औषध सगळ्या अंगावरून वाहते. नंतर एक-दोन दिवस शाम्पू नको. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधू नका. मॅलाथिऑनचे लोशन असेल तर ते पेट घेऊ शकते, त्यामुळे केस वाळवायचे यंत्र आणि गॅसची शेगडी दोन्ही लांब.

आणखी एक: परमेथ्रिनची 5 टक्क्यांची क्रीम खरजेसाठी असते. ‘जास्त कडक’ म्हणून ती डोक्याला लावू नका. दोन महिन्यांखालच्या बाळाला तर कोणतेच औषध लावायचे नाही, फक्त फणी.

रॉकेल, सीताफळाच्या बिया आणि मंडळी

रॉकेल त्वचा भाजते, पेट घेते, आणि मुलाच्या नाकातोंडात गेले तर फुप्फुसांना इजा होते. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते. डोके धुताना ती डोळ्यात जातेच. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. कुत्र्या-मांजरांचे पिसवांचे औषध माणसाच्या डोक्यासाठी नाही. हे चारही सरळ बाद.

तेलाबद्दल गैरसमज जास्त आहे. ऊ श्वासाची छिद्रे बंद करून तासन् तास तग धरते, त्यामुळे तेलाने ती गुदमरून मरेल यावर विसंबू नका. तेलाने फणी छान फिरते, एवढा उपयोग मात्र खरा. व्हिनेगरने लिखेचा सरस विरघळतो असे म्हणतात, त्याला पुरावा नाही.

सगळे घर धुऊन काढणे

डोक्यावेगळी झालेली ऊ रक्त न मिळाल्याने एक-दोन दिवसांत मरते. गाद्या उन्हात, सोफ्यावर फवारा, पडदे धुणे, यातले काहीच लागत नाही, आणि कीटकनाशकाचा फवारा तर मुलासाठी उवांपेक्षा घातक. मागच्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे, चादर, टोपी, टॉवेल तेवढे गरम पाण्यात धुवा, साधारण 55 ते 60 अंश. फणी, कंगवे तेवढ्याच गरम पाण्यात 10 मिनिटे बुडवून ठेवा. धुता न येणारी वस्तू पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे बाजूला. वाचलेला वेळ फणीला द्या.

त्याच दिवशी घरातल्या प्रत्येकाचे डोके तपासा, मोठ्यांचेही. ज्याच्या डोक्यात चालती ऊ आहे त्याला त्याच दिवशी औषध. एका अंथरुणात झोपणाऱ्या भावंडालाही सोबत लावणे शहाणपणाचे. पण उवा होऊ नयेत म्हणून सगळ्यांना औषध, असे करू नका. त्याने पुढच्या उवा अडत नाहीत.

औषध लागू पडले नाही, हे कशावरून?

औषध लावून 8 ते 12 तासांनी फणी फिरवा. काही उवा दिसल्या पण मरगळलेल्या, कशाबशा पाय हलवणाऱ्या असतील, तर औषध काम करते आहे. त्या फणीने काढा आणि नवव्या दिवसाची वाट बघा. पहिल्यासारख्याच धावत असतील, तर लावण्यात चूक झाली किंवा उवा त्या औषधाला दाद देत नाहीत. परमेथ्रिनला न जुमानणाऱ्या उवा आता बऱ्याच ठिकाणी आढळतात. अशा वेळी तेच औषध पुन्हा लावू नका. डॉक्टरांना विचारून वेगळ्या जातीचे औषध घ्या. डायमेथिकोन उवेवर थर बसवून मारते, त्यामुळे परमेथ्रिनला सरावलेल्या उवाही त्याने मरतात.

आठव्या-नवव्या दिवशी फक्त बारीक पिल्ले दिसली, तर ती उरलेल्या लिखांतून आलेली आहेत, अपेक्षितच आहेत. दुसरी पाळी नीट झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एकदम मोठ्या उवा दिसल्या, तर त्या बाहेरून आल्या. त्या कुणाच्या डोक्यातून आल्या, हे शोधायला लागा.

खाज मात्र पुरावा धरू नका. ती उवेच्या लाळेची ॲलर्जी असते. पहिल्यांदा उवा झालेल्या मुलाला चार-सहा आठवडे खाजच सुटत नाही आणि उवा गेल्यावरही आठ-पंधरा दिवस खाज राहू शकते. टाळूवर पू, ओल्या खपल्या, मानेमागे सुजलेल्या गाठी किंवा ताप असेल तर आधी डॉक्टर, मग उवांचे औषध.

शाळेच्या बाबतीत

ऊ उडी मारत नाही, उडत नाही. डोक्याला डोके लागले की केसावरून केसावर जाते. धुतलेले केस तिला वर्ज्य नाहीत, त्यामुळे अस्वच्छतेचा शिक्का मारू नका आणि मुलीचे केस कापून तिला शिक्षा देऊ नका. शाळा बुडवायचीही गरज नाही, मूल आज वर्गात जाईल त्याच्या किती तरी आधीपासून उवा डोक्यात असतात. संध्याकाळी उपचार सुरू केले की पुरे. लांब केस घट्ट वेणीत किंवा अंबाड्यात बांधा, आठवड्यातून एकदा ओल्या केसांत फणी फिरवा.

आणि जिच्या डोक्याला डोके लावून तुमची मुलगी मोबाइल बघते, त्या मैत्रिणीच्या आईला त्याच संध्याकाळी फोन करा. अवघड वाटते, पण दोघींचा नववा दिवस एकच आला नाही तर उवा एकीकडून दुसरीकडे ये-जा करत राहतात.